माया किती ठेवायची

जर्नलला पाठवलेल्या माझ्या गणिताच्या पेपरवरचा परीक्षकाचा अहवाल आला त्या दिवशी मी इचलकरंजीला घरी होते. गौरी दोन दिवसांवर आल्या होत्या आणि आईच्या मशीनशेजारी नऊ ब्लाउज शिवायचे पडले होते. मी तिला हुकपट्ट्या लावून देत होते. मोबाईलवर जर्नलचा ईमेल दिसला तशी सुई कापडात खोचून ठेवली आणि उभ्यानंच वाचायला लागले. अहवाल अडीच पानांचा होता. पहिल्या पानावर कौतुक होतं. दुसऱ्या पानावर परीक्षकानं लिहिलं होतं की चौथ्या प्रकरणातला तिसरा लेमा, म्हणजे मुख्य प्रमेयाला आधार देणारं छोटं विधान, चुकीचा आहे, आणि खाली चार ओळींत त्याचं प्रतिउदाहरण दिलं होतं.

ज्या लेमावर माझं तीन वर्षांचं काम उभं होतं तो चार ओळींत गेला. ते उदाहरण वाचताक्षणी मला कळलं की परीक्षकाचं बरोबर आहे. वाद घालायला जागाच नव्हती.

आईनं मशीन थांबवलं. "काय झालं गं?"

"माझ्या कामात चूक निघाली."

"उसवून परत शिवता येतंय का?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढचे चौदा महिने मी उसवत आणि शिवत होते, आणि त्यानंतर खरोखरच कपड्यांच्या कामाला लागले. शुद्ध गणितात पीएच.डी. करून फिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कशी आलीस, असं मला अनेक विद्यार्थी विचारतात. दोन वाक्यांत सांगितलं की ते अर्धवट वाटतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

माझा विषय जिऑमेट्रिक ग्रुप थिअरी. ग्रुप म्हणजे एकापुढे एक करता येतील आणि उलटवताही येतील अशा कृतींचा संच, इथं एवढं पुरे. पूर्वेला एक पाऊल, उत्तरेला एक पाऊल आणि त्यांची उलटी पावलं, एवढ्यावर एक ग्रुप उभा राहतो. प्रत्येक मुक्कामाला टिंब आणि प्रत्येक पावलाला रेघ काढली की चौकटीच्या वहीचा कागद तयार होतो. दुसरा ग्रुप घेतला की दुसरंच गाव वसतं. कुठं झाडासारख्या फांद्याच फांद्या फुटत जातात, कुठं गल्ल्या अशा वळतात की चार पावलांत शंभर घरं मागं पडतात. त्या गावाचा भूगोल बघायचा आणि त्यावरून ग्रुपबद्दल बोलायचं, हा आमचा धंदा.

१९११ साली माक्स डेन या जर्मन गणितज्ञानं एक साधा प्रश्न विचारला होता. मला पावलांची लांबलचक यादी दिली, तर ती चालून झाल्यावर मी निघाले तिथंच परत येते का, हे ठरवायची खात्रीची रीत आहे का? १९५५ साली नोविकोव्ह यांनी दाखवून दिलं की काही ग्रुप असे आहेत ज्यांच्यासाठी अशी रीत असूच शकत नाही. ज्यांच्यासाठी आहे, तिथं पुढचा प्रश्न: मेहनत किती पडते?

हे मी आईला गोधडीवरून समजावलं होतं. वाट परत मूळ जागी आली की तिचा एक वेढा तयार होतो. तो वेढा ठिगळांनी भरून काढता आला पाहिजे, आणि ठिगळं म्हणजे त्या ग्रुपचे मूळ नियम. "आधी पूर्व मग उत्तर" आणि "आधी उत्तर मग पूर्व" यांचा मुक्काम एकच, हा नियम म्हणजे एक चौकोनी ठिगळ. आता १० पावलं पूर्वेला, १० उत्तरेला, १० पश्चिमेला, १० दक्षिणेला चाला. काठ ४० पावलांचा झाला आणि आत १०० ठिगळं लागली. काठ दुप्पट करा, ठिगळं ४०० होतात. १९८७ साली मिखाइल ग्रोमोव्ह यांनी ज्या हायपरबोलिक ग्रुपांचा पाया घातला, तिथं काठ दुप्पट केला तर ठिगळंही साधारण दुप्पटच लागतात. काही ग्रुप मात्र असे आहेत की काठ थोडासा वाढला तरी ठिगळांचा डोंगर होतो. काठाच्या मानानं ठिगळं किती लागतात याच्या हिशेबाला डेन फंक्शन म्हणतात. माझा प्रबंध अशाच एका कुटुंबातल्या ग्रुपांच्या डेन फंक्शनवर होता.

यात मला आजही थक्क करणारी एक गोष्ट आहे. ठिगळांची वाढ एकतर काठाच्या प्रमाणात असते, नाहीतर निदान त्याच्या वर्गाइतकी. मधल्या वेगाला जागाच नाही. पहिल्यांदा हे ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. नैसर्गिकरीत्या मध्ये काहीतरी असायलाच हवं असं वाटतं, आणि तिथं रिकामं आहे!

आता चूक कुठं झाली ते सांगते. आमच्या विषयात अंतरं काटेकोर मोजत नाहीत. दोन गावं "जवळजवळ सारखी" आहेत म्हणायचं असेल तर दोन सवलती दिलेल्या असतात. एक, अंतर ठरावीक पटीनं ताणलं किंवा आवळलं तरी चालेल. दोन, त्यावर एखादी ठरलेली रक्कम कमीजास्त झाली तरी चालेल. पाचशे किलोमीटरच्या प्रवासात दहा मीटर कुणी मोजत नाही, तसंच. याला क्वासी-आयसोमेट्री म्हणतात. सुरुवातीला मला ही सवलत म्हणजे आळस वाटायचा, पण सगळी ताकद तिथंच आहे. बारीकसारीक खाचखळगे सोडून दिल्यावरच लांबून दिसणारा आकार हाती लागतो.

आईला हे सांगितलं तेव्हा तिनं मान वरसुद्धा केली नाही. "म्हणजे माया," ती म्हणाली.

शिवणकाम करणाऱ्या घरातल्यांना शब्द माहीत असेल. शिवणीसाठी, किंवा पुढं कधी उसवून मोठं करायला, जे जास्तीचं कापड आत सोडतात ती माया. आईनं पुढं आणखी समजावलं. सुती कापड धुतल्यावर आटतं ते लांबीच्या हिशेबानं आटतं, एक मीटरला अमुक तर दोन मीटरला त्याच्या दुप्पट. शिवणीची माया मात्र लहान कापडाला आणि मोठ्या कापडाला तेवढीच. माझ्या व्याख्येतल्या दोन्ही सवलती तिच्या टेबलावर आधीपासून होत्या, एक पटीची आणि एक बेरजेची. प्रबंधाच्या प्रस्तावनेत मला हे लिहायचं होतं. गाइड मॅडम म्हणाल्या, "व्हायव्हाला सांग, प्रस्तावनेत नको."

चूक याच मायेची होती. मी एक लांब वाट अनेक तुकड्यांत तोडली होती. प्रत्येक तुकडा जवळजवळ सरळ, चूक ठरलेल्या मर्यादेत. मग मी लिहून टाकलं होतं की जोडलेली अख्खी वाटही जवळजवळ सरळ. हायपरबोलिक जागेत हे खरं आहे. तुकडे पुरेसे लांब असतील तर तिथं जवळचा सरळपणा लांबवर टिकतो, तो त्या जागेचा गुणच आहे. माझ्या ग्रुपांत मात्र अधूनमधून सपाट मैदानंही होती, आणि सपाटीवर हा गुण नसतो. परीक्षकाच्या चार ओळींचा सारांश असा: खूप मोठं वर्तुळ घ्या, त्याचा कुठलाही छोटा तुकडा सरळच दिसतो, तरी चालत राहिलात तर निघाल्या जागी परत येता. प्रत्येक तुकड्यातली माया क्षुल्लक होती, पण तुकडे हजार असले की माया हजार वेळा जमते, आणि मी ती एकदाच धरली होती.

गौरी जेवल्या आणि मी परत गेले. पहिले दोन महिने मी चूक झाकायला बघत होते, हे कबूल करते. एखादी जास्तीची अट घालून लेमा तसाच ठेवता येईल का, अशी खटपट. मॅडमनी ते ओळखलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की ती अट तुझ्या ग्रुपांपैकी कुठले पाळतात? यादी केली तर एकही नाही. त्यानंतर मी सगळं उसवलं. वाटेचे सपाटीवरचे भाग आणि हायपरबोलिक भाग वेगळे काढले, सपाटीवर जमणारी चूक तुकडा-तुकडा मोजली आणि तिचा खर्च ठिगळांत धरला. आधी मी वर्गाची मर्यादा सिद्ध केल्याचं म्हणत होते, आता ती घनाची झाली. प्रमेय दुबळं झालं, पण खरं झालं.

त्या चौदा महिन्यांत मी डेनबद्दल वाचत होते. ज्यू असल्यामुळे त्यांना नाझी जर्मनी सोडावी लागली, आणि १९४५ पासून १९५२ साली मृत्यू होईपर्यंत ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवत होते. ते मुख्यतः कलेचं शिक्षण देणारं छोटं कॉलेज. तिथं डेन चित्रकारांना भूमिती शिकवायचे, आणि त्याच कॉलेजात १९४९ पर्यंत अ‍ॅनी अल्बर्स विणकाम शिकवत होत्या. आमच्या विषयाचा मूळपुरुष आणि विसाव्या शतकातली एक थोर विणकर काही वर्षं एकाच कॉलेजात होते! मी यंत्रमागाच्या गावातली. बाबा सायझिंगमध्ये होते. आमच्याकडे सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावणं. मला हे वाचून कुणीतरी घरचं भेटल्यासारखं झालं.

प्रबंध गेला, अहवाल आले, व्हायव्हा झाली. तो भाग सगळ्यांचा सारखाच असतो, त्यावर शब्द घालवत नाही. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या जागेसाठी, ३१ अर्ज केले. दोन मुलाखती झाल्या आणि एका वर्षाची एक जागा मिळाली, परदेशात. दर वर्षा-दोन वर्षांनी देश बदलत राहायचं, आणि मग कुठंतरी कायमची जागा मिळाली तर मिळाली. बाबांचं दम्याचं दुखणं तेव्हा वाढलं होतं. मी ती जागा नाकारली. हा निर्णय अमुकच बरोबर असं मी कुणाला सांगणार नाही. आपल्याकडे या विषयात फार मोठं काम होतं, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले (टीआयएफआर) महान महाराज तर रामकृष्ण मिशनचे संन्यासी, २०११ चं भटनागर आणि २०१५ चं इन्फोसिस पारितोषिक मिळालेले. मी ज्यांच्या पेपरांवर शिकले त्या लोकांना सोडून जाताना फार वाईट वाटलं, ते वाटणं अजून पूर्ण गेलेलं नाही.

बंगळुरूच्या एका लहान कंपनीची जाहिरात दिसली. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांसाठी अंगाचा थ्रीडी स्कॅन घेऊन मापं काढायची आणि त्यावरून पॅटर्न, म्हणजे कापायच्या तुकड्यांचा नमुना, बेतायचा, असं त्यांचं सॉफ्टवेअर. मुलाखतीत मला एका बाईच्या स्कॅनचे काही लाख बिंदू दिले आणि म्हणाले, छातीचा घेर काढा. मी बिंदूंमधून आडवा छेद घेतला, त्या वळणदार रेषेची लांबी मोजली आणि आकडा सांगितला. कोपऱ्यात एक वयस्क गृहस्थ बसले होते, गळ्यात टेप. ते म्हणाले, "टेपनं दीड सेंटीमीटर कमी येतं, मॅडम."

मी छेदाचं चित्र परत बघितलं. पाठीच्या कण्यापाशी खोलगट भाग होता आणि पुढं मधोमध दुसरा. माझी रेषा त्या खळग्यांत उतरत होती. टेप ताणला की खळग्यांवरून सरळ पलीकडं जातो, बिंदूंभोवती रबरबँड चढवावं तसा. मी फळ्यावर जाऊन ते रबरबँड काढलं, म्हणजे गणितात ज्याला कॉन्व्हेक्स हल म्हणतात ते, आणि त्याची लांबी मोजली. टेपच्या आकड्याशी जमलं. ते टेपवाले मास्टर म्हणाले, "आता बरोबर." ते बेळगावकडचे. चाळीस वर्षं पॅटर्न कापलेले, आणि मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून त्या दिवशी खूश झालेले. पुढच्या दोन वर्षांत मी जे शिकले त्यातलं निम्मं त्यांच्याकडून.

पहिलं काम मिळालं ते भोकं बुजवण्याचं. स्कॅनरमध्ये माणूस हात अंगापासून जरा लांब धरून उभा राहतो, चारी बाजूंचे कॅमेरे काही सेकंदांत अंग टिपतात. काखेत मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही. तिथं बिंदूच नसतात, पृष्ठभागाला भोक पडतं. आमचं जुनं सॉफ्टवेअर त्या भोकाच्या काठावर जमेल तितका घट्ट पडदा ताणून बसवायचं. मला ते बघताच ओळख पटली. काठ माहीत आहे, आत काय भरायचं ते ठरवायचं. पाच वर्षं मी दुसरं केलं काय होतं?

फरक एवढाच की इथं आत एक खरं अंग होतं. काखेत शरीराचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा असतो, एका दिशेनं आत वळलेला आणि आडव्या दिशेनं बाहेर. अशा जागेची वक्रता ऋण. ताणलेला पडदा तिथं कापड वाचवतो आणि मुंढ्याचं, म्हणजे बाही जिथं जोडतात त्या घेराचं, माप कमी दाखवतो. त्या मापावर शिवलेला शर्ट आरशासमोर सुरेख दिसायचा, हात वर केला की सगळा शर्ट वर यायचा. मास्टरांना हे स्कॅन न बघता माहीत होतं. जुन्या पद्धतीच्या कुर्त्याच्या काखेत आपले शिंपी चौकोनी तुकडा का घालतात, ते त्यांनी मला जुना कुर्ता उलटा करून दाखवलं. तो तुकडा म्हणजे खोगिराला लागणारं जास्तीचं कापड. ब्लाउजचा टक्स याच्या नेमका उलटा: कापडातून त्रिकोण काढून घेतला की सपाट कापड शंकूसारखं उठतं. त्रिकोण काढला की उभार, त्रिकोण घातला की घोळ. घागऱ्याला कळ्या घालतात तेही हेच. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात डायना तैमिना यांनी क्रोशानं हायपरबोलिक प्रतल, म्हणजे सगळीकडे खोगिरासारखं वळलेलं प्रतल, विणून दाखवलं होतं, दर ओळीला ठरावीक प्रमाणात टाके वाढवत. मी ते चित्र मास्टरांना दाखवलं. "झालर आहे," ते म्हणाले. आहेच झालर.

मग माझ्या हातून ती मोठी चूक झाली. सहा तुकड्यांचा प्रिन्सेस कटचा टॉप होता. सॉफ्टवेअर अंगाच्या पृष्ठभागावरून प्रत्येक तुकडा उचलतं आणि तो सपाट करतं. गाउस यांनी १८२७ साली दाखवलं तसं, दोन्ही दिशांनी वळलेला पृष्ठभाग न ताणता सपाट होत नाही, तेव्हा थोडी चूक गृहीतच असते. मी मर्यादा ठेवली होती की प्रत्येक कडेला २ मिलिमीटरपर्यंत चालेल. २ मिलिमीटर म्हणजे खडूच्या रेघेची जाडी. चाचणीत प्रत्येक तुकडा पास झाला. नमुन्याचे ४० टॉप शिवून आले आणि एकही अंगात जाईना.

मास्टरांनी एक टॉप टेबलावर पसरला आणि शिवणी मोजल्या. सहा तुकडे, सहा शिवणी, प्रत्येक शिवणीला दोन कडा. बारा कडा, आणि सगळ्या एकाच दिशेला, आतल्या बाजूला चुकलेल्या. बारा दुणे चोवीस. २४ मिलिमीटर, जवळजवळ एक इंच, टॉप लहान झाला होता. मी तिथं उभी होते आणि मला परीक्षकाच्या चार ओळी आठवत होत्या. तीच चूक पुन्हा केली होती. तुकडा-तुकडा बरोबर म्हणजे सगळं बरोबर, असं धरलं होतं. घरी फोन केला तर आई म्हणाली, "आगं, कच्च्या टाक्यावर घालून बघितल्याशिवाय पक्कं कुणी शिवतंय व्हय?" ती प्रत्येक तुकड्याची माया कधीच वेगळी मोजत नाही. तुकडे कच्चे जोडते, पूर्ण घेरावर एकदा टेप फिरवते आणि मग पक्की टीप मारते. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये तेच घातलं. आता तुकड्यांच्या चुका एकेकट्या तपासून सोडत नाही, छाती, कंबर आणि सीट या तिन्ही घेरांवर बेरीज करून तपासतो आणि बेरीज जास्त आली तर सगळे तुकडे परत जुळवतो. ४० टॉपचं कापड वाया गेलं, ते मला अजून टोचतं.

या सगळ्यात माझ्या हाती चेबिशेव्ह यांचं एक जुनं काम आलं. प्रायिकता आणि बहुपदींमुळे गणिताच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असतं. १८७८ साली पॅरिसमध्ये त्यांनी एक भाषण दिलं, विषय: कपडे बेतणं. त्यांचा मुद्दा असा, की विणलेल्या कापडाचा धागा जवळजवळ ताणत नाही, पण ताण्याबाण्यातला काटकोन मात्र मोडतो. कापड उरेब, म्हणजे तिरकं, ओढून बघा, चौकोनांचे शंकरपाळे होतात. त्या मोडण्यामुळेच सपाट कापड गोलाईवर बसतं. पण मोडायलाही मर्यादा आहे, कारण कोन शून्यापर्यंत मिटला की पुढं जागाच नाही. यातून हिशेब निघतो की कापडाचा एक अखंड चौकोन, चुण्या न पडता, चेंडूच्या एकूण वक्रतेच्या निम्म्याहून कमीच वक्रता झाकू शकतो. त्यापुढं कापावं लागतं, टक्स घालावा लागतो. आणि १९०१ साली हिल्बर्ट यांनी अख्खं हायपरबोलिक प्रतल आपल्या तीन मितींच्या जगात गुळगुळीतपणे मावत नाही हे सिद्ध केलं, ते अशाच ताण्याबाण्याच्या जाळीचा आधार घेऊन. ज्या प्रतलावर मी पाच वर्षं घालवली ते आपल्या जगात का मावत नाही, याचं उत्तर कापडाच्या विणीत होतं. हे मला प्रबंध लिहून झाल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर किती बरं झालं असतं!

पॅटर्न सुधारले, तरी एक अडचण राहिली, ती गणिताची नव्हती. आम्ही अंगाचा जो आकड्यांचा साचा वापरत होतो तो २०१५ साली आलेल्या एसएमपीएल या मॉडेलवर आधारलेला. ६,८९० बिंदूंचं शरीर, मोजक्या आकड्यांनी जाड-बारीक, उंच-ठेंगू होणारं. अतिशय देखणं काम आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण त्या आकारांचं शिक्षण झालं ते २००० सालच्या आसपास अमेरिका आणि युरोपात घेतलेल्या स्कॅनवर. त्याच्याही आधी, १९३९-४० साली, अमेरिकेच्या सरकारनं जवळपास १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली होती, आणि निष्कर्षात फक्त गोऱ्या बायका धरल्या होत्या. जे मोजलेच गेले नाहीत त्यांना कपडा बसत नाही, आणि वाटतं आपलंच अंग बेढब. निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेनं इंडियासाइझ सर्वेक्षण हाती घेतलं, सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची थ्रीडी मापं घेण्याचा आराखडा, ते मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे तेव्हा होते ते आम्ही स्वतः घेतलेले सहाशे-सातशे स्कॅन. त्यांतल्या बऱ्याच बायका स्कॅनरच्या खोलीत घट्ट कपड्यांत उभं राहायला संकोचत. आम्ही एक बाई ऑपरेटर नेमली, खोलीला आतून कडी लावली आणि दिसणारा आकार पडद्यावर न दाखवता फक्त आकडे दाखवायला लागलो. त्यानंतर खांदे सैल सोडून उभ्या राहणाऱ्या बायका वाढल्या, आणि खांदे सैल सुटले की मापंही बदलली. कित्येकींचा खांदा आधीच्यापेक्षा खाली आला.

एका गोदामात काम करणाऱ्या बायकांच्या शर्टांचं काम गेल्या पावसाळ्यात आलं. दिवसभर वरच्या फळीवरून खोकी काढायची, म्हणजे हात सतत वर. काखेची नवी भरणी आम्ही पहिल्यांदा तिथं वापरली. भोक बुजवताना आता पडदा ताणत नाही. प्रत्येकीचे दोन स्कॅन घेतो, हात खाली आणि हात वर, आणि काखेचा पृष्ठभाग दोन्हींत बसेल असा शोधतो. एका स्कॅनला जे दिसत नाही त्यातलं बरंचसं दुसऱ्याला दिसतं.

पहिली ट्रायल फसली, बाही दंडाला काचत होती. दुसऱ्या ट्रायलला घोळ जास्त झाला. तिसऱ्यांदा मी आणि मास्टर दोघंही गोदामात गेलो. पन्नाशीच्या एका मावशींनी शर्ट घातला, बटणं लावली, ओढणी बाजूला ठेवली. मास्टरांनी शर्टाच्या खालच्या काठापाशी पँटवर खडूची बारीक रेघ मारली.

"मावशी, आता रोजच्यासारखं खोकं काढा."

त्यांनी दोन्ही हात वर केले, टाचा उचलल्या, फळीवरचं खोकं पुढं ओढलं आणि छातीशी धरून खाली घेतलं. मी रेघेकडे बघत होते. शर्ट बोटभर वर गेला आणि हात खाली आले तसा परत रेघेवर येऊन बसला. मावशींनी काखेत बोट घालून शिवण चाचपली, खांदा दोनदा फिरवला, आणि पुढचं खोकं काढायला वळल्या. मास्टरांनी वही उघडली आणि मुंढ्याच्या रकान्यात १२ मिलिमीटर जास्त असं लिहून घेतलं.